पाच हजारांची एक चिप ‘कॉल’, हजाराच्या दोन चिप्स ‘रेज’: हा कुठला न्याय?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीचा एक तरुण मित्रांबरोबर पणजीला आला आणि मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकरच्या १००/२०० च्या टेबलावर बसला (म्हणजे दोघा खेळाडूंनी पत्ते बघण्याआधीच १०० आणि २०० टाकायचे). हातात दोन राजे आले. आधीच्या खेळाडूने ६०० केले होते. याच्या मनात होतं अडीच हजार करायचे, म्हणून काही न बोलता पाच हजारांची एक चिप पुढे टाकली. डीलरने ‘कॉल’ (समोरच्याने लावले तेवढेच भरणं) म्हणून ४,४०० परत सरकवले. फ्लोअर, म्हणजे टेबलांवरचे वाद सोडवणारा अधिकारी, आला, त्यानेही तेच सांगितलं. मागे बसलेल्या एकाने एक्का-पंजीवर स्वस्तात फ्लॉप (टेबलावर एकदम उघडी पडणारी पहिली तीन पानं) बघितला, एक्का पडला, पॉट (मधे जमलेले पैसे) गेला. अर्ध्या तासाने त्याच एक्कावाल्याने ६०० वर हजाराच्या दोन चिप्स मुकाट टाकल्या, तर त्याला मात्र रेज (म्हणजे रक्कम वाढवणं) दिला गेला. प्रश्न आहे, ‘मला नवखा बघून गंडवलं का?’

नाही. दोन्ही निर्णय बरोबर आहेत, आणि मी तिथे उभा असतो तर तेच दिले असते. आधी डीलर आणि नंतर फ्लोअर म्हणून सोळा वर्षं या टेबलांशी काढली, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. दर शनिवारी कोणी ना कोणी विचारायचा, फक्त गाव बदलायचं: कधी कोल्हापूर, कधी बेळगाव, कधी पुणे.

म्हापशाच्या बाजारात चाळीस रुपयांच्या भाजीला तुम्ही पाचशेची एक नोट पुढे केलीत तर भाजीवाली काय करते? सुटे परत देते. पाचशेची भाजी पिशवीत भरत नाही. पण चाळीस रुपयांना शंभराच्या दोन नोटा दिल्यात तर ती थांबून विचारते, ‘आणखी काय देऊ?’ कारण एक नोट पुरत होती, दुसरी कशाला काढली? पोकरमध्ये नेमकं हेच आहे. समोर बेट (कोणी लावलेली रक्कम) असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर ती कितीचीही असो, तो कॉल. एकापेक्षा जास्त चिप्स टाकल्या, तर डीलर बघतो की त्यातली सगळ्यात लहान चिप काढली तरी कॉलची रक्कम भरते का. ६०० ला हजाराची एक पुरते, म्हणजे दुसरी चिप रेजसाठीच आली. ६०० वर किमान रेज १,००० चा (२०० वरून ६०० ही ४०० ची वाढ, किमान तेवढीच पुन्हा), टाकले २,०००, म्हणून दोन हजारांचा रेज. डीलरला तुमच्या मनातले अडीच हजार दिसत नाहीत. त्याला चिप दिसते.

तोंडातून आधी ‘रेज’ एवढा एक शब्द गेला असता तर तीच पाच हजारांची चिप पाच हजारांचा रेज झाली असती. ‘अडीच हजार’ म्हटलं असतं तर अडीच हजार, आणि डीलरने उरलेले सुटे परत दिले असते. आणि फ्लॉपनंतर कोणीच बेट केलेलं नसताना पहिल्यांदा तीच चिप मुकाट टाकलीत, तर ती पूर्ण पाच हजारांची बेट धरतात. हे तिसरं लक्षात ठेवा, कारण ‘मोठी चिप म्हणजे कॉल’ एवढंच अर्धवट ऐकून गेलेले लोक तिथे मार खातात.

रेज थोडा कमी पडला तर काय, हेही याच ओघात सांगतो. बेट हजाराची आहे, तुम्ही गप्प राहून एक हजार, एक पाचशे आणि एक शंभर टाकलेत. किमान रेज दोन हजारांचा. तुम्ही वर सहाशे टाकलेत, म्हणजे वाढीच्या निम्म्याहून जास्त, तर दोन हजार पुरे करावेच लागतात. वर चारशेच टाकले असतील तर निम्मंही झालं नाही, तो कॉल, चारशे परत. ‘चुकून गेले हो’ ऐकलं जात नाही.

हे नियम कुठल्या एका कॅसिनोने आपल्या सोयीने रचलेले नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशन उभी राहिली, तेव्हापासून तिची नियमावली जगभरच्या स्पर्धांत वापरतात, आणि कॅश टेबलांवरचे (जिथे स्पर्धा नसून थेट पैशांनी खेळतात) त्या-त्या कॅसिनोचे नियमही थोड्याफार फरकाने त्याच वळणाचे असतात. त्या नियमावलीतला पहिलाच नियम असा आहे की खेळाचं हित आणि न्याय्यपणा सर्वात वर, आणि प्रसंगी त्यासाठी तांत्रिक नियम बाजूला ठेवता येतो. फ्लोअरच्या हातात हीच काठी असते. चांगला फ्लोअर ती वर्षातून दोनदा उचलतो, वाईट फ्लोअर रोज.

आता आपल्या लोकांची एक खास खोड. तीन पत्ती खेळत आपण मोठे झालो. चवथीच्या रात्री घरात आरती आटोपली की सतरंजीवर बूट लागतो. तिथली भाषा अशी: ‘हे तुझे हजार... आणि वर तीन हजार!’ घरी याला कोणी हरकत घेत नाही, उलट त्यातच मजा असते. पोकरच्या टेबलावर हे वाक्य मधेच तुटतं. ‘हे तुझे हजार’ म्हणत चिप्स ठेवल्या की कॉल झाला. त्यापुढचे तीन हजार डीलर परत देतो. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. कारण साधं आहे: पहिला हजार ठेवताना तुम्ही समोरच्याचा चेहरा वाचता. तो हसला की थांबायचं, पडला की वर तीन टाकायचे, ही सवलत कोणालाच नको. त्यामुळे रक्कम एकाच हालचालीत पुढे करा, नाहीतर आधी बोला. तोंड आधी, हात नंतर.

तीन पत्तीतला दुसरा वारसा म्हणजे ‘शो’. आपल्याकडे शो मागायला पैसे मोजतात, म्हणून कॉल करणारा दिमाखात टेकून बसतो आणि समोरचाही बसतो. दोघे एकमेकांकडे बघत राहतात, टेबल खोळंबतं. शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेज केला, त्याने आधी पत्ते उघडायचे. त्या फेरीत कोणीच बेट केली नसेल तर बटणाच्या (दर डावाला एक जागा पुढे सरकणाऱ्या चकतीच्या) डाव्या हाताच्या पहिल्या खेळाडूपासून सुरुवात. आणि तुमच्याकडे पक्का जिंकणारा हात असेल तर पाळी कोणाची हे न मोजता उघडून मोकळे व्हा. जिंकलेला हात धरून ठेवायचा, समोरच्याला क्षणभर आशा दाखवायची आणि मग एकेक पान सावकाश उलटायचं, याला स्लो रोल म्हणतात. यावर बहुधा दंड नसतो. पण त्या रात्री टेबलावरचा एकही माणूस तुमच्याशी नीट बोलत नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

भाषेचा विषय मराठी माणसाला जरा जास्त लागू आहे. बोटींवरचे डीलर बरेचसे ईशान्येकडचे आणि नेपाळचे. मुलं हुशार, हात सफाईदार, हिंदी-इंग्रजी उत्तम. मराठी आकडे मात्र त्यांच्या कानाला नवे. एकदा बेळगावच्या एका गृहस्थांनी टर्नवर (चौथं उघडं पान पडल्यावर) ‘पस्तीसशे’ म्हटलं. डीलरच्या कानांनी ऐकलं ‘पच्चीस सौ’. त्याने स्पष्ट आवाजात ‘पच्चीस सौ’ अशी घोषणा केली. गृहस्थ चिप्स मोजत होते, काही बोलले नाहीत. समोरच्या दिल्लीवाल्याने कॉल म्हणून पंचवीसशे ठेवले. तेवढ्यात गृहस्थांनी पस्तीसशेचा गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘अजून हजार दे.’ तिथून जी जुंपली ती शेजारच्या टेबलांपर्यंत ऐकू गेली.

मला बोलावलं. पुस्तकाप्रमाणे बघितलं तर तोंडाने सांगितलेली रक्कम बांधील असते, आणि खरी बेट किती हे विचारून घेणं कॉल करणाऱ्याची जबाबदारी. डीलरने चुकीची सांगितली तरीही. म्हणजे दिल्लीवाल्याने हजार द्यायला हवे होते. मी तसं केलं नाही. टेबलाला मोठ्याने कळवलेली रक्कम पंचवीसशे होती. ती ऐकून दुरुस्त करायला गृहस्थांना वेळ होता, आणि दिल्लीवाल्याने त्यांच्या तोंडचा मराठी आकडा समजून घ्यावा ही अपेक्षा न्याय्य नव्हती. पंचवीसशेवर हात पुढे चालवला. त्या रात्री माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन झापलं. त्यांचं म्हणणं, अशी सूट दिलीस तर उद्या प्रत्येक जण ‘मला ऐकू आलं नाही’ म्हणेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. तरी आज पुन्हा तोच प्रसंग आला तर मी तोच निर्णय देईन.

‘पाच’, ‘पंचवीस’, ‘दीड’ असं तोडकं बोलणं तर आणखी घातक. ‘पाच’ म्हणजे पाचशे की पाच हजार? साधारण नियम असा की त्या शब्दाचे जे वाजवी अर्थ निघतात, त्यातला पॉटपेक्षा जास्त नसलेला सगळ्यात मोठा धरायचा. पॉट तीन हजारांचा असेल तर पाचशे, आठ हजारांचा असेल तर पाच हजार. तेव्हा आकडा पूर्ण बोला, आणि शक्यतो हिंदी किंवा इंग्रजीत.

त्याच कारणाने हात चालू असताना मित्राशी मराठीत बोलू नका. मी काम केलं तिथे हात चालू असताना इंग्रजी किंवा हिंदीच, असा नियम होता. तुम्ही ‘जेवायला कधी जायचं’ एवढंच विचारलं असेल, पण समोरच्याला वाटतं दोघांनी पत्ते सांगितले. आणि कधी कधी खरंच सांगितलेले असतात! एक चुलतभावांची जोडी आठवते. धाकटा विचारात पडला की थोरला, आपण पॅक करून बसलेला, चहाचा कप उचलत पुटपुटायचा, ‘सोड की रे, कशाला अडकतोस.’ त्याला वाटायचं हे प्रेम आहे. नियमाच्या भाषेत एक हात एकानेच खेळायचा, पॅक केलेल्यानेही सल्ला द्यायचा नाही. दोनदा ताकीद दिली, तिसऱ्यांदा थोरल्याला दुसऱ्या टेबलावर बसवलं. गंमत म्हणजे नंतर धाकटा जास्त चांगला खेळला.

पाळी नसताना बोलणं हाही असाच प्रकार. पाचव्या सीटचा विचार करतोय आणि सातव्याने पत्ते फेकले, तर पाचव्याला फुकटची माहिती मिळाली आणि सहाव्याचं नुकसान झालं. पाळीआधी केलेली चाल साधारणपणे बांधील राहते, मधल्या कोणी बेट किंवा रेज करून चित्र बदललं नाही तर. मुद्दाम पाळीआधी ‘चेक’ (पैसे न लावता पाळी पुढे देणं) म्हणून पुढच्याला बेट करण्यापासून परावृत्त करणारे महाभागही असतात. एकदा झालं तर चूक, तीनदा झालं तर फ्लोअरला कळतं.

चिप्स मांडायची पद्धत क्षुल्लक वाटते, पण मोठ्या रकमांची भांडणं तिथूनच निघतात. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे आणि वर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. कोणी शंभराच्या ढिगामागे पाच हजारांची एक लपवून बसला, ‘ऑल इन’ (सगळ्या चिप्स पणाला) म्हणाला, समोरच्याने नजरेने तीन हजार मोजून कॉल दिला आणि मोजणीत आठ हजार निघाले, तर पुस्तक कॉल करणाऱ्याच्या विरोधात जातं: विचारायचं होतंस, मोजून घ्यायचं होतंस. म्हणून मोठ्या कॉलआधी डीलरला ‘काउंट’ सांगायला लाजू नका. पण ढीग मुद्दाम रचला होता असं दिसलं, तर मी पहिला नियम वापरून जेवढं दिसत होतं तेवढंच धरलेलं आहे. शिव्या दोन्ही बाजूंनी खाल्ल्या. चिप्स पॉटमध्ये उधळूही नका. जेजुरीच्या भंडाऱ्यासारख्या उडवल्या की डीलरला मोजता येत नाहीत आणि तुमच्याकडून कमी पडल्याची शंका तुमच्यावरच येते. आणि हो, एकाने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की बोट हलली म्हणून त्याच्या चिप्स बेटच्या रेषेच्या पुढे गेल्या. नांगरलेली बोट, मांडवीत लाट नाही, शेजाऱ्याच्या ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

सगळ्यात वाईट निर्णय मला द्यावा लागला तो शोडाउनचा, म्हणजे शेवटी पत्ते उघडण्याचा. साठीच्या आसपासचे एक काका, नेहमीचे, सभ्य. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या उघड्या पानावर) कॉल झाल्यावर ‘फ्लश!’ (एकाच चिन्हाची पाच पानं) म्हणत त्यांनी पत्ते उलटले. समोरच्या पोराने सुस्कारा सोडला आणि आपले पत्ते पालथेच मकमध्ये, म्हणजे टाकून दिलेल्या पत्त्यांच्या ढिगात, भिरकावले. डीलर थांबला. त्याने काकांचे पत्ते पुढे ओढले. टेबलावरची पानं धरून चार बदाम आणि एक चौकट. दिवा पिवळा, पान लाल, चष्मा खिशात. हातात नुसती नव्वीची जोडी. पोरगा ओरडला, ‘माझ्या दोन जोड्या होत्या!’ असतीलही. पण त्याचे पत्ते पालथे मकमध्ये मिसळले होते, आणि टेबलावर उघडा, जिवंत हात एकच होता. पॉट काकांचा. तोंडाने काय म्हटलं याला शोडाउनला किंमत नाही, पत्ते बोलतात. पोरानं पत्ते उघडे टाकले असते तर डीलरने ते वाचले असते आणि पॉट त्याला मिळाला असता. काकांनी अर्धे पैसे देऊ केले, पोराने घेतले नाहीत. मुद्दाम खोटा हात सांगणारेही असतात आणि त्यांना मी टेबलावरून उठवलेलं आहे, पण काकांचा चेहरा बघून तसं कोणालाच वाटलं नसतं.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत फिल आयव्हीने जिंकलेला फ्लश न ओळखता मकमध्ये टाकला होता, आणि तो जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. तुम्ही-आम्ही कोण? शोडाउनला दोन्ही पत्ते उघडे टाका आणि डीलरला वाचू द्या. तोवर पत्त्यांवर एक चिप ठेवा, म्हणजे डीलरच्या हाताने चुकून ओढले जाणार नाहीत.

निर्णय पटला नाही तर काय करायचं? हात वर करून ‘फ्लोअर’ म्हणा, आणि पुढचं पान पडायच्या आधी म्हणा. रिव्हरनंतर ‘मघाशी फ्लॉपला...’ म्हणणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. फ्लोअर येईपर्यंत चिप्सना आणि पत्त्यांना हात लावू नका. फ्लोअरला घडलं तेवढंच सांगा: किती ठेवले, काय बोललात, कोणाची पाळी होती. सांगलीकर, तुम्ही त्या रात्री ‘माझ्याकडे किंग्ज होते, मी कॉल कशाला करेन!’ असं म्हणालात असं लिहिलं आहे. हात चालू असताना हे बोललात तर निर्णयाहून मोठं नुकसान तुम्हीच करून घेतलंत. एक्कावाल्याला कळलं की एक्का पडला तर तो पुढे आहे.

कॅमेरे बघायची मागणी करता येते. पण वरून हात आणि चिप्स दिसतात, शब्द ऐकू येतीलच असं नाही, त्यामुळे पॉट चुकीच्या माणसाला सरकवला किंवा चिप्स कमी मोजल्या अशा तक्रारीत ते कामाचे, ‘मी रेज म्हणालो होतो’ यात फारसे नाहीत. आणि डीलरवर राग काढू नका. ती बावीस-तेवीस वर्षांची पोरं, तासन् तास हसतमुख बसतात. टिप द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण चिप तोंडावर फेकून नाही.

राग मला कळतो. चिप्सचे पैसे घाम गाळून आलेले असतात, त्यात २०२३ च्या ऑक्टोबरपासून २८ टक्के जीएसटी होता, तो २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० झाला. अशा वेळी ४,४०० परत आले तरी माणसाला लुटल्यासारखं वाटतं. मी स्वतः मात्र यातून सुटलो आहे. मी पेडण्याचा, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सोळा वर्षं निर्णय दिले, खेळायला गेलो तर दारातूनच परत.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, आता घरी आल्यावर मेल करून तो हात पुन्हा तपासायला लावता येईल का. नाही. पुढच्या हातासाठी पत्ते पिसायला सुरुवात झाली की आधीच्या हाताचा वाद संपतो, आणि तुमच्या हातात वाद असा नव्हताच. पण कधी खरंच चिप्स कमी आल्या किंवा पॉट चुकला, तर टेबलाचा नंबर, तुमची सीट आणि घड्याळातली वेळ मोबाइलमध्ये लिहा आणि जेट्टीकडची फेरीबोट पकडायच्या आधी शिफ्ट मॅनेजरला गाठा. किनाऱ्यावर उतरल्यावर नव्हे.